ढोमणेबाईंचं सातवं घर

ढोमणेबाई माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात चपला काढल्या, दोन पावलं आत आल्या, मान वर केली आणि छताच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ओल हाये तुमच्या इथं."

सदाशिव पेठेत तोवर पंधरा-वीस वर्षं मी कर सल्लागार म्हणून बसत होतो. माझ्याकडे लोक घाबरून येत, चिडून येत, मार्चअखेरीला रडकुंडीला आलेले येत. आल्या आल्या माझ्याच छताचं निदान करणारं माणूस मी प्रथमच बघत होतो.

"ती ओल जुनी आहे," मी म्हणालो. "आपलं काम काय ते सांगा."

"जुनी हाये म्हनूनच सांगतो जी. नवीवाली आपोआप सुकते."

त्यांना माझ्याकडे आणलं होतं शोभाने. शोभा माझ्या ऑफिसात टायपिस्ट होती. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर, पण बोटांचा जोर तोच. की-बोर्ड दर वर्षी बदलावा लागे. ती रोज चंदननगरहून दोन बस बदलून यायची, आणि ढोमणेबाई तिच्या शेजारच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, फिकट सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. हातात तीन तारा होत्या. जुन्या किराणा दुकानात बिलं टोचून ठेवायची आकड्याची तार असते ना, तसल्या. एकेका तारेवर वीतभर उंच पावत्यांची चवड.

"हे माहे तीन घरं," त्या तारा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या. "वकीलसाहेब, शोभी म्हनते, याच्यावर टॅक्स लागते."

"मी वकील नाही. कर सल्लागार."

"बरं, वकीलसाहेब."

ही दुरुस्ती मी पुढे आणखी दोनदा करून पाहिली आणि सोडून दिली. ढोमणेबाईंनी आयुष्यात दुरुस्त केलं नाही असं बहुधा तेवढंच.

घरं घ्यायची, नीट करायची आणि विकायची, हा त्यांचा धंदा. पण तो त्यांनी काढला नव्हता, तो त्यांच्या अंगावर येऊन पडला होता. मूळच्या अमरावतीकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, नवरा नगर रस्त्यावरच्या एका मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. मूलबाळ नाही. नवरा अचानक गेला, कंपनीचे पैसे मिळाले आणि कंपनीचं घर सोडावं लागलं. त्या पैशात त्यांनी गळक्या छताला आणि शेजाऱ्यांना कंटाळलेल्या एका माणसाचा जुना फ्लॅट घेतला, एक मिस्त्री हाताशी धरला आणि चार महिने त्याच्याबरोबर स्वतः राबून तो राहण्याजोगा केला. ते काम संपत आलं तेव्हा वरच्या मजल्यावरचं घर बघायला आलेलं एक कुटुंब चुकून यांच्या दारात शिरलं आणि निघेचना. मुलगा खराडीला संगणकाच्या कंपनीत होता. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून बाईंनी तीन दिवस होकार दिला नाही.

"मले वाटलं, वेडा हाये बिचारा. त्याच्या मायबापाले सांगावं का, असा विचार करत होतो," त्या मला म्हणाल्या.

तो वेडा नव्हता. खराडीच्या बाजूला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या पोरांना घर हवं होतं तेही आज. कर्ज कालच मंजूर झालेलं. मिस्त्री, सुतार, फरशीवाला यांच्या मागे हिंडायला त्यांना सवड नव्हती. ढोमणेबाईंना सवडच सवड होती. त्यांनी दुसरं घर घेतलं, मग तिसरं. काम चालू असताना त्या तिथेच राहायच्या. एक ट्रंक, एक घडीची खाट, एक स्टोव्ह. सहा-सात वर्षांत मी त्यांच्या फाइलवर एकामागून एक पत्ते खोडत गेलो.

पहिल्या दिवशी मी त्यांना जे समजावलं ते मी सगळ्यांनाच समजावतो. घर एकदा विकलंत तर तो भांडवली नफा. घेणं, नीट करणं, विकणं, पुन्हा घेणं असं चाललं की तो धंदा, आणि मग नफ्यातून धंद्याचा खर्च वजा होतो. पण खर्च म्हणजे काय, तिथे माणसं चुकतात. दुरुस्तीला उसने आणलेले पैसे हे उत्पन्न नव्हे, आणि ते परत फेडणं हा खर्च नव्हे. खर्च म्हणजे त्या पैशातून आलेल्या फरश्या, नळ, रंग, मजुरी. आणि त्या उसनवारीवर दिलेलं व्याज.

"म्हंजे फरशी धरता, पैसा नाही धरत," बाई म्हणाल्या.

एका वाक्यात. त्याच आठवड्यात माझ्यापुढे एक इंजिनिअर बसला होता. घरदुरुस्तीचं कर्ज काढून त्याने गाडी घेतली होती आणि ती गाडी घराच्या पार्किंगमध्येच उभी असते, या मुद्द्यावर अर्धा तास इंग्रजीत भांडून गेला होता.

त्यांच्या तारा सोडवायला मला आणि शोभाला दोन दिवस लागले. मागायला गेलो तर एक पावती कमी निघाली नाही. फरशीची होती, सिमेंटची होती, आणि बारा स्क्रूंचीही होती. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने कामाची नोंद. "न्हानीचा उतार." "हा नळ खोटा निघाला, बदलून आनला." एका पावतीमागे नुसतंच "मिस्त्रीची पोरगी पास झाली." मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "त्या दिवशी त्यानं मजुरी कमी घेतली, त्याचं कारन नको का लिहाले?" मी हे काम आयुष्यभर केलं, पण हिशेबाच्या कागदांना माणसाचा इतका वास दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये मला आला नाही.

घर निवडायची त्यांची रीत मी एकदाच पाहिली, पण जन्मभर पुरेल इतकी पाहिली. खराडीला एका कंपनीत माझं काम होतं. येताना वाटेत त्या भेटल्या. "चला वकीलसाहेब, एक घर पाहून येऊ." तिसरा मजला. एजंट पुढे पुढे करत बेडरूम दाखवत होता. बाईंनी बेडरूममध्ये पाऊलही टाकलं नाही. सगळे नळ एकदम सोडले, स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला, खिडकीच्या चौकटीत नख रोवून बघितलं. मग सरळ बाहेर गेल्या आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

"बाई, घोटभर पानी देता का?"

समोरच्या बाईंनी जाळीच्या दारातून ग्लास बाहेर दिला आणि "ग्लास तिथेच खाली ठेवा हं," म्हणून आतलं दार लावून घेतलं. बाई पाणी प्यायल्या, ग्लास ठेवला आणि जिना उतरायला लागल्या.

"नाही घ्यायचं," खाली आल्यावर म्हणाल्या.

"अहो, किंमत चांगली सांगतोय तो."

"भिंत पाडता येते जी. शेजारीन कशी पाडता?"

मी सदाशिव पेठेत जन्मलेला माणूस. आमच्याकडे पाणी मागितलं तर आधी "कुणाकडे आलात?" असं विचारतात, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

विकायचीही त्यांची तऱ्हा वेगळी. एजंट डोक्याला हात लावायचे. गिऱ्हाईक आलं की बाई आधी घरातल्या खोडी दाखवायच्या. "या भिंतीले तिसऱ्या वर्सी ओल येईन, तेवढे पैसे बाजूले ठेवजा." प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला, उरलेल्या कडप्प्याची एक बसायची जागा त्या करून घ्यायच्या. पाचव्या घराच्या वेळी मी कागद घेऊन तिथे गेलो होतो. एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. मुलगा अकोल्याचा, पण पुण्याचं पाणी चांगलंच लागलेलं.

"अ‍ॅक्च्युअली काकू, ह्या स्टोनचं लॉजिक काय आहे?" त्याने विचारलं. "इथे आम्ही डिशवॉशर प्लॅन करतोय."

"बसाले हाये ते. तुमच्या घरी भाजी कोन निवडते?"

त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. "आम्ही मोस्टली ऑर्डरच करतो," ती म्हणाली.

"मंग दोघं बसून वाट पाहा त्याची," बाई म्हणाल्या.

घर त्या जोडप्यानेच घेतलं. दगड काढला नाही असं मला नंतर कळलं.

आणि गोळाभात. तो सांगितल्याशिवाय ढोमणेबाई पुऱ्या होत नाहीत. घर नीट होऊन विकलं गेलं की ताबा देण्याआधीच्या रविवारी त्या त्या नव्या ओट्यावर पहिला आणि शेवटचा मोठा स्वयंपाक करत. डाळीचे गोळे भातात शिजवलेले, वरून लसणा-मिरचीच्या फोडणीचं कढत तेल. फरशीवाला, सुतार, रंगारी, नळवाला, इमारतीचा वॉचमन, शेजारणी, शोभा आणि मी. फरशीवर पंगत. त्याला त्या "गोयाभात" म्हणत, आणि तेल घालताना कुणाचं "पुरे" ऐकायच्या नाहीत. जेवणं झाली की मिस्त्रीच्या हातावर साखर ठेवायच्या आणि ट्रंक भरायला घ्यायच्या. त्यामुळे "गोयाभात हाये" असा निरोप आला की समजायचं, घर गेलं.

आता माझी चूक सांगतो. टाळली तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

घर घ्यायला बाईंकडे आधीच्या घराचे पैसे असत, पण दुरुस्तीला पुरत नसत. बँकेने पगाराची स्लिप मागितली; ती त्या कुठून आणणार? म्हणून दुरुस्तीचा पैसा यायचा भिशीतून. वीस बायकांची भिशी, दर महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, म्हणजे चाळीस. जिला नड असेल तिने कमी आकडा बोलायचा आणि उचलायची. चाळीसची भिशी चौतीसला उचलली की उरलेले सहा बाकीच्या जणींत वाटले जायचे. बाईंनी तीन-तीन नावं लावलेली असायची, आणि दुरुस्ती खोळंबू नये म्हणून त्या सगळ्यात कमी आकडा बोलून सगळ्यात आधी उचलायच्या.

पाचव्या-सहाव्या घराचं विवरणपत्र भरताना हे मला कळलं, आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. "अहो, हे सहा हजार म्हणजे व्याज आहे! तुम्ही घरासाठी उसने घेतलेत, त्याची किंमत मोजलीत. हे नफ्यातून वजा होतं. इतकी वर्षं तुम्ही फुकट कर भरलात."

बाईंना आनंद झालेला दिसला नाही. "तेवढं नका लिहू जी," त्या म्हणाल्या.

"का?"

"ते आमचं बायाचं हाये."

"कायद्याने जे आपलं आहे ते सोडायचं कशाला?"

त्यांनी शोभाकडे बघितलं. शोभा संगणकाकडे बघत होती. मी बोलतच राहिलो. हुशारी दाखवायची संधी मिळाली की सल्लागार गप्प बसत नाही. मी तर पुण्याचा सल्लागार. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता तं लिहा," आणि सही केली. वाचले अकरा हजार. त्यांनी मला पाव किलो पेढे दिले आणि मी ते खाल्ले.

मग सातवं घर आलं. खराडीलाच, पहिला मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब नदीची रेघ दिसणारं. हे बाईंनी विकायला घेतलंच नव्हतं. गुडघे बोलायला लागले होते. "आता हे माहं. इथं गोयाभात नाही होनार," त्या म्हणाल्या. समोरच्या बाईंकडे पाणी मागितलं तेव्हा त्यांनी पाण्याबरोबर गूळ दिला होता म्हणे, आणि आत बोलावून पंखा लावला होता. जवळचं होतं नव्हतं ते बाईंनी या घरात घातलं, भिशीचे आपले सगळे नंबर उचलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दारावर लावायला नावाची पाटी करायला टाकली. सागवानी.

"काय लिहू जी?" त्या विचारायला आल्या. "तुमचे लोक तं पाट्यांत हुशार."

"नाव लिहा. खाली लिहा, भेटण्याची वेळ चार ते सहा."

"अन् तीन वाजता आला तं?"

"परत जाईल."

"आलेल्या मानसाले परत कसं पाठवता जी तुमी?" त्या खरोखरच कुतूहलाने विचारत होत्या. पाटीवर नुसतं "कमल ढोमणे" आलं. ती लावल्या दिवशी त्या जिन्यातून चार वेळा खालीवर झाल्या आणि येता-जाता वाचत होत्या, असं शोभाने सांगितलं.

दोन-तीन महिन्यांत नोटीस आली. पाचव्या आणि सहाव्या घराच्या दुरुस्तीला घेतलेली रक्कम कुणाकडून घेतली? नावं, पत्ते, पुरावा द्या. नाही तर ती तुमचीच लपवलेली कमाई धरू. नोटिशीत नोंदीचा आकडासुद्धा दिला होता: मी लिहिलेल्या व्याजाचा. मी ते अकरा हजार वाचवले नसते तर त्या कागदाला पायच फुटले नसते.

मी बाईंना बोलावलं. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणालो. वीस जणींची नावं द्या, प्रत्येकीकडून अर्ध्या पानाचं सहीचं पत्र, विषय संपला. मजकूर शोभा आत्ता टाइप करून देईल. शोभाने टाइप करायला सुरुवातही केली.

"मंग त्यांच्या घरी कागद जाईन का?" बाईंनी विचारलं.

"एखादीला जाऊ शकतो. खात्री करायला."

"कोनाच्या नावानं?"

"तिच्याच नावाने. बाईच्या."

"अन् दार कोन उघडीन?"

की-बोर्डचा खडखडाट थांबला.

"त्यातल्या काही बायाच्या घरी भिशी माहीत नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "भाजीतून, भाड्यातून, शिवनातून काढलेले पैसे हायेत ते. पोरीच्या फीचे हायेत. नवऱ्याले माहीत झालं तं पैसा जाईन, वरून मार खाईन ते बाई."

"मग ज्यांना चालतं त्यांचीच नावं द्या."

"वीस पाट मांडले अन् अकरा बसल्या, तं नऊ रिकामे दिसतेच ना. साहेब विचारीनच, बाकीच्या कुठं."

ते खरं होतं. मला राग आला. त्यांचा नव्हे, पण काढला त्यांच्यावरच. "अहो बाई, तुमचं घर जाईल! कळतंय का?"

"घर काय जी. सात केले म्या. आठवं बी करीन." आणि मग म्हणाल्या, "त्या बाईले तिचं घर एकच हाये."

शोभा उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुम्ही नको म्हणाला होतात."

"माहीत हाये," ढोमणेबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. न्हाणीचा उतार चुकलाय, असं मिस्त्रीला सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाल्या. त्या दोन शब्दांइतकं मला आयुष्यात कुणी लागेलसं बोललेलं नाही, आणि तितक्या प्रेमाने कुणी माफही केलेलं नाही.

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर होतो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. तारा त्याने स्वतः सोडवल्या, पावत्या उलटसुलट करून पाहिल्या, मागच्या नोंदी वाचताना एकदा हसलासुद्धा. मग म्हणाला, "बाई, तुमच्याकडे स्क्रूंचीसुद्धा पावती आहे. आणि पैसे देणाऱ्यांची नावं नाहीत?"

"हायेत. पन देत नाही."

"असं कसं?"

"स्क्रू माहे होते साहेब. नावं त्यांचे हायेत."

त्याने पावत्या पुन्हा तारांवर चढवल्या. "मग मला ही तुमचीच कमाई धरावी लागेल," तो म्हणाला. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

"धरा."

कर, व्याज, दंड मिळून जो आकडा झाला तो त्या घराशिवाय त्यांच्याकडे कशातच नव्हता. मी अपिलाचं बोललो. "तिथं बी नावंच मागतीन ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. विषय संपला. फी घेणार नाही, असं मी सांगितलं तर पैसे टेबलावर ठेवून म्हणाल्या, "घ्या जी. भिंत वाकडी झाली म्हनून मिस्त्रीची मजुरी ठेवत नाही म्या." जाताना दारात थबकून वर बघितलं. "ती ओल तेवढी काढून घ्या."

दोन महिन्यांनी फोन आला.

"वकीलसाहेब, रविवारी या. गोयाभात हाये."

मी रिसीव्हर ठेवला आणि शोभाला निरोप सांगितला.

रविवारी शोभा आणि मी गेलो. हॉलमध्ये नेहमीची मंडळी होती. मिस्त्री, सुतार, वॉचमन, गूळ देणाऱ्या समोरच्या बाई. आणि स्वयंपाकघरात बायकाच बायका. कुणी कांदा चिरत होतं, कुणी लसूण सोलत होतं, एकजण कडप्प्यावर बसून नुसतीच डोळे पुसत होती. मी हयातभर मोजण्याचा धंदा केला, पण त्या दिवशी मी त्या बायका मोजल्या नाहीत. मुद्दाम हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलो. बाई तेल वाढायला आल्या. मी पुरे म्हणालो नाही.

त्या अमरावतीला भावाकडे निघाल्या होत्या. बस नगर रस्त्यावरच मिळणार होती, चारची. खाट वॉचमनला देऊन टाकली. ट्रंक सुताराने खाली नेली. सगळ्यात शेवटी बाईंनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेतला, दारावरची पाटी काढली, चारही स्क्रू पदराच्या टोकाला बांधले, आणि पाटी घेऊन खाली आल्या. रिक्षा उभी होती. त्यांनी पाटी शोभाच्या हातात दिली.

"घे. मागून कोरी हाये," त्या म्हणाल्या. "तुहं घर झालं का तुहं नाव टाक." मग पदराची गाठ सोडून ते चार स्क्रूही तिच्या तळहातावर ठेवले.

मी शोभाकडे बघितलं. तिने पाटी छातीशी धरली होती.

"त्या विसांत मी होते, सर," ती म्हणाली. "माझ्या मुलीच्या, सुनीताच्या कॉम्प्युटरच्या कोर्सची फी त्यातनं भरली. तुम्ही ते पत्र मला टाइप करायला सांगितलंत त्या रात्री मी काकूंकडे गेले होते, माझं नाव द्या म्हणायला. मला म्हणाल्या, गप राय अन् घरी जा, नवऱ्याचं जेवन वाढ."

दहा वर्षं माझ्यापासून चार हातांवर बसणारी बाई. तिच्या घरात काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि कायद्याने जे आपलं आहे ते सोडू नये, असं तिच्यासमोर तास-तासभर बोललो होतो. मला ऐकून लाज वाटली आणि ती लाज अजून गेलेली नाही. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी रिक्षात बसता बसता माझ्या दंडावर हात ठेवला, घराची भिंत चाचपून बघायच्या तसा, आणि पायाशी ट्रंक नीट सरकवून घेतली.

रिक्षा सुरू झाली. त्यांनी बाहेर डोकं काढलं. मला वाटलं, आमच्याकडे बघतील, निदान घराकडे तरी. त्यांनी पार वर गच्चीकडे बघितलं. टाकी भरून वाहत होती आणि भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

"अरे, मोटर बंद कर ना!" त्या वॉचमनवर ओरडल्या. "भिंत खराब होऊन राह्यली!"

वॉचमन धावला. त्या तशाच मान बाहेर काढून वर बघत राहिल्या, पाणी थांबेपर्यंत, आणि मग रिक्षा वळली.